भावाभिव्यक्ती, आवाजातील

बोलताना, गाताना, हसताना, रडताना अथवा केवळ उद्गार काढताना आवाजाची तारता (उच्चनीचपणा), तीव्रता, गती, लय, विराम आणि ध्वनिगुण यांत होणाऱ्या बदलांद्वारे मनातील भाव प्रकट होणे, म्हणजे आवाजातील भावाभिव्यक्ती होय. शब्दांचा कोशगत अर्थ आणि वाक्याची व्याकरणिक रचना यांहून ती वेगळी असते. ‘ये’ हे एकच क्रियापद मायेने, अधिकाराने, धमकीने किंवा कंटाळून उच्चारता येते व प्रत्येक वेळी ऐकणाऱ्यास निराळा आशय कळतो. मानसशास्त्र, शरीरक्रियाविज्ञान, ध्वनिशास्त्र, भाषाविज्ञान, नाट्यशास्त्र व संगीत या सर्वच विद्याशाखांत या विषयाचा विचार झाला आहे. आवाजातील भावात दोन प्रवाह मिसळलेले असतात, हे या विविध विवेचनांतून दिसून येते. एक, भावनेमुळे शरीरात घडणाऱ्या व बव्हंशी इच्छेबाहेरच्या फेरफारांचा. दुसरा, समाजाकडून शिकलेल्या व हेतुपूर्वक वापरता येणाऱ्या संकेतांचा. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र ते एकत्रच येतात. त्यामुळे आवाज ही भावनेची फार प्रभावी खूण असली, तरी तो तिचा निर्णायक पुरावा ठरत नाही.

भारतीय परंपरेतील विचार : या विषयाचे भारतातील सर्वांत जुने पद्धतशीर विवेचन भरताच्या नाट्यशास्त्रात आढळते. वाचिक अभिनयाची चर्चा करताना भरताने पाठ्याचे, म्हणजे रंगभूमीवरील उच्चारित भाषणाचे, सहा गुण सांगितले आहेत : सात स्वर, उर, कंठ व शिर ही तीन स्थाने, उदात्त, अनुदात्त, स्वरित व कंपित हे चार वर्ण, साकांक्षा व निराकांक्षा ही दोन प्रकारची काकू, उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत व विलंबित हे सहा अलंकार, आणि विच्छेद, अर्पण, विसर्ग, अनुबंध, दीपन व प्रशमन ही सहा अंगे. यांपैकी ‘काकू’ म्हणजे अभिप्राय सूचित करणारा स्वरविकार. ज्या उच्चारातून अर्थाची अपेक्षा अपुरी राहिल्याचे जाणवते ती साकांक्षा व अर्थ पूर्ण झाल्याचे जाणवते ती निराकांक्षा होय. अलंकारांची योजनाही भावानुसार सांगितली आहे. क्रोध व कलह यांसाठी दीप्त. निर्वेद, ग्लानी, चिंता व दैन्य यांसाठी मंद्र. भीती, थंडी व ज्वर यांसाठी द्रुत. वितर्क, विचार व लज्जा यांसाठी विलंबित असा हा विनियोग आहे. क्रोधातील चढा स्वर, खिन्नतेतील खालचा स्वर व भीतीतील जलद गती ही तीनही निरीक्षणे आधुनिक ध्वनिमापनाशी मोठ्या प्रमाणात जुळतात.

भरताने आठ सात्त्विक भावांत स्वरभेदाचा, म्हणजे आवाज फुटण्याचा वा घोगरा होण्याचा, समावेश स्वेद, रोमांच, वेपथू (कंप) व अश्रू यांच्या बरोबरीने केला आहे. एका बाजूस नटाने योजावयाचे अलंकार आणि दुसऱ्या बाजूस अंतःकरणाच्या अवस्थेतून उद्‌भवणारा स्वरभेद, अशी ही मांडणी आहे. वर उल्लेखिलेले दोन प्रवाह तिच्यात स्पष्टपणे ओळखू येतात.

पुढील साहित्यशास्त्रकारांनी काकूचा विचार काव्यार्थाच्या अंगाने केला. रुद्रटाने काकूवर आधारलेली वक्रोक्ती हा शब्दालंकार मानला, तर राजशेखराने काव्यमीमांसेत काकू हा पठनाचा धर्म असून तिला अलंकार म्हणता येणार नाही, असे मत मांडले. मम्मटाने व्यंग्यार्थाच्या साधनांत काकूची गणना केली. भट्टनारायणाच्या वेणीसंहार नाटकातील भीमाची उक्ती हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. शब्दशः पाहता, आपण कौरवांचा संहार करणार नाही, असे भीम म्हणतो. पण संतप्त स्वरामुळे नकाराचा अर्थ ठाम निश्चयात पालटतो. संगीतक्षेत्रात शार्ङ्‌गदेवाने तेराव्या शतकातील संगीतरत्नाकरात स्वर, राग, अन्यराग, देश, क्षेत्र व यंत्र अशा सहा काकू वर्णिल्या आहेत. त्यांपैकी क्षेत्रकाकू म्हणजे प्रत्येक गायकाच्या देहामुळे त्याच्या आवाजास येणारे वैशिष्ट्य होय.

शारीरिक आधार : फुप्फुसांतून येणारी हवा स्वरयंत्रातील दोन स्वरतंतूंना कंपित करते व त्यातून निर्माण झालेला ध्वनी घसा, मुख व नाक यांच्या पोकळ्यांतील अनुस्पंदनाने आकार घेतो. सामान्य बोलण्यात स्वरतंतूंची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) प्रौढ पुरुषांत साधारणपणे १०० ते १५०, तर स्त्रियांत १८० ते २५० हर्ट्‌झ असते. श्वसनाचे स्नायू, स्वरतंतूंचा ताण आणि मुखपोकळीचा आकार या तिन्हींवर भावनेचा परिणाम होतो.

भय किंवा क्रोध यांसारख्या उद्दीपक अवस्थेत अनुकंपी तंत्रिका तंत्राचे कार्य वाढते. श्वसन जलद होते, स्वरतंतूंखालील हवेचा दाब वाढतो व स्वरयंत्राचे स्नायू ताणले जातात. परिणामी आवाज उंच व मोठा होतो. स्नायूंत कंप असल्यास तो आवाजातही उतरतो. लाळ कमी झाल्याने तोंड कोरडे पडते व उच्चार अडखळतात. खिन्नतेत याच्या उलट स्थिती असते : स्नायू सैल, श्वास उथळ, जिभेची व ओठांची हालचाल मंद. हसऱ्या मुद्रेने बोलताना ओठ मागे ओढले जाऊन मुखपोकळीची लांबी घटते आणि अनुस्पंदनाच्या कंप्रता वाढतात; म्हणूनच दूरध्वनीवर चेहरा दिसत नसूनही बोलणाऱ्याचे स्मित पुष्कळदा जाणवते.

मराठीतील कित्येक वाक्प्रचारांत हे शारीरिक बदल नेमके टिपलेले आहेत. आवाज चढणे, कातर होणे, कापरा होणे, गळा दाटून येणे, घशाला कोरड पडणे, बोबडी वळणे ही त्यांची उदाहरणे होत.

मेंदूतील दोन मार्ग : स्वरयंत्राच्या स्नायूंना दहाव्या मस्तिष्क तंत्रिकेच्या (प्राणेशा तंत्रिकेच्या) शाखांकडून चेतना मिळते. या तंत्रिकेपर्यंत पोहोचणारे आदेश मेंदूत दोन मार्गांनी निर्माण होतात. हेतुपूर्वक बोलण्याचे व गाण्याचे आदेश मेंदूच्या बाह्यकातील प्रेरक क्षेत्राकडून येतात. रडणे, किंकाळी, उत्स्फूर्त हसू यांसारख्या आवाजांचे नियंत्रण मात्र मेंदूच्या आतील बाजूचा पट्टबंध भाग व मध्यमस्तिष्कातील करडे द्रव्य यांच्याकडे असते. हा दुसरा मार्ग उत्क्रांतीच्या दृष्टीने जुना असून तो माकडादी प्राण्यांतही आढळतो. जन्मतः प्रमस्तिष्काची वाढ झालेली नाही अशी अर्भकेही रडू शकतात. मेंदूच्या दोन्ही बाजूंचे प्रेरक क्षेत्र निकामी झाल्याने इच्छेनुसार आवाज काढू न शकणारे काही रुग्ण उत्स्फूर्तपणे हसतात किंवा रडतात, असेही दिसून आले आहे.

या दोन मार्गांतील संतुलन बिघडल्यास भाव व आवाज यांचा संबंधच तुटू शकतो. पक्षाघात किंवा तंत्रिका तंत्राच्या अन्य काही विकारांत रुग्णास अनावर हसू वा रडू येते. पण त्या क्षणी त्याला तसा आनंद किंवा दुःख झालेले नसते.

ध्वनिशास्त्रीय लक्षणे : हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८५७ साली संगीताच्या उगमाविषयीच्या निबंधात, भावनेमुळे स्नायूंवर येणारा ताण हेच आवाजातील चढउतारांचे मूळ कारण असल्याचे प्रतिपादन केले. चार्ल्‌स डार्विन यांनी १८७२ च्या आपल्या ग्रंथात मानव व प्राणी यांच्या भावाभिव्यक्तीचा तौलनिक अभ्यास करताना आवाजाचाही परामर्श घेतला. ध्वनिमुद्रण व ध्वनिमापन यांची साधने उपलब्ध झाल्यावर प्रत्यक्ष प्रयोगांस चालना मिळाली. १९३९ साली ग्रँट फेअरबँक्स व विल्बर्ट प्रोनोव्होस्ट यांनी सहा नटांकडून तिरस्कार, क्रोध, भय, दुःख व उदासीनता या पाच भावांत एकच मजकूर वदवून घेऊन तारतेची मापने प्रसिद्ध केली.

अभिनीत नसलेल्या भावाचे बहुचर्चित उदाहरण म्हणजे ‘हिंडेनबुर्ख’ या जर्मन वायुयानाच्या अपघाताचे ध्वनिमुद्रण. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेतील लेकहर्स्ट येथे उतरताना या यानाने पेट घेतला, तेव्हा रेडिओचे निवेदक हर्बर्ट मॉरिसन आगमनाचे वर्णन ध्वनिमुद्रित करीत होते. कार्ल विल्यम्स व केनेथ स्टीव्हन्स यांनी १९७२ साली अपघातापूर्वीच्या व नंतरच्या त्यांच्या बोलण्याचे विश्लेषण करून अपघातानंतर कंप्रतेत झालेली वाढ व तिची अनियमितता दाखवून दिली.

अशा अनेक अभ्यासांतून पुढील सर्वसाधारण लक्षणे निश्चित झाली आहेत. उघड क्रोधात सरासरी तारता व तिची कक्षा वाढते, आवाज मोठा व गती जलद होते आणि वरच्या कंप्रतांतील ऊर्जा वाढून आवाजास धार येते. भयात तारता बरीच उंचावते व गती वाढते. आनंदात तारता उंच, तिची कक्षा विस्तृत व चढउतार मोकळे असतात. खिन्नतेत तारता खालची, कक्षा अरुंद, गती मंद व विराम दीर्घ असतात. कंटाळलेला आवाज संथ व एकसुरी असतो. परंतु एकाच भावनेच्या छटा परस्परविरुद्धही असू शकतात. दाबून धरलेल्या रागात आवाज खाली उतरतो, तर शोकाच्या आक्रोशात तो अत्यंत उंच जातो.

क्रोध, भय व आनंद या तिन्हींत तारता, तीव्रता व गती वाढतात, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. बोलणारा किती उद्दीपित झाला आहे हे आवाजावरून सहज कळते; त्या उद्दीपनाचे स्वरूप सुखद की दुःखद, हे ठरविणे त्या मानाने कठीण असते. त्यासाठी ऐकणारा ध्वनिगुणातील सूक्ष्म फरक, शब्द, प्रसंग व त्या व्यक्तीचा नेहमीचा आवाज या सर्वांचा आधार घेतो.

उपजत व संस्कारजन्य अंग : जर्मन मानसशास्त्रज्ञ क्लाउस शेरर यांनी आवाजावर होणाऱ्या परिणामांचे आतून येणारा रेटा व बाहेरची ओढ असे दोन वर्ग केले आहेत. शरीरातील फेरफार हा रेटा, तर समाजाच्या अपेक्षा ही ओढ. रेट्याची मुळे प्राणिसृष्टीत खोलवर गेलेली आहेत. यूजीन मॉर्टन यांनी १९७७ साली पक्षी व सस्तन प्राणी यांच्या आवाजांची तुलना करून, आक्रमक अवस्थेत खालचे व कर्कश, तर भयभीत किंवा सलोख्याच्या अवस्थेत उंच व स्वच्छ आवाज काढण्याची प्रवृत्ती निदर्शनास आणली.

ओळखण्याच्या क्षमतेत सार्वत्रिकता किती, याचे मापन शेरर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केले. जर्मन नटांनी निरर्थक शब्दांच्या वाक्यांतून व्यक्त केलेले भाव नऊ देशांतील श्रोत्यांना ऐकविण्यात आले. एकूण ६६ टक्के उत्तरे बरोबर आली; जर्मनीत हे प्रमाण सर्वाधिक (७४ टक्के), तर इंडोनेशियात सर्वांत कमी (५२ टक्के) होते. ही सर्व प्रमाणे निव्वळ तर्काने मिळू शकणाऱ्या यशापेक्षा बरीच जास्त आहेत. पण श्रोत्याची भाषा व संस्कृती दूरची असेल तर आकलन घटते, हेही त्यांवरून दिसते. डिसा सॉटर व सहकाऱ्यांनी २०१० साली नामिबियातील हिंबा जमात व इंग्लंडमधील इंग्रजी भाषिक यांची तुलना केली. क्रोध, भय, दुःख, किळस व आश्चर्य यांचे निःशब्द उद्गार दोन्ही समाजांना एकमेकांचे ओळखता आले. सुखद भावांपैकी मात्र विनोदाने आलेले हसू तेवढे परस्परांना कळले. यशाचा आनंद, सुटकेची भावना यांचे उद्गार तितकेसे कळले नाहीत.

संस्कारांचा आरंभ जन्मापूर्वीच होतो. अँथनी डीकॅस्पर व विल्यम फायफर यांनी १९८० साली नवजात अर्भके आईचा आवाज अन्य स्त्रीच्या आवाजाहून अधिक पसंत करतात, असे दाखविले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६० नवजात अर्भकांच्या रडण्याची तुलना केली असता, फ्रेंच अर्भकांचे रडणे चढत्या व जर्मन अर्भकांचे उतरत्या स्वररेषेचे आढळले. त्या त्या भाषेच्या लयीचा संस्कार गर्भावस्थेतच होत असावा, असा निष्कर्ष त्यावरून काढण्यात आला.

मराठीतील स्थिती : चिनी भाषेप्रमाणे मराठीत तारतेवरून शब्दाचा कोशगत अर्थ बदलत नाही, त्यामुळे स्वराचा चढउतार वाक्याचा हेतू व भाव दर्शविण्यास मोकळा राहतो. ‘काय’ हा शब्द प्रश्न, आश्चर्य, अविश्वास व दटावणी यांसाठी केवळ स्वरभेदाने वापरला जातो. ‘शहाणाच आहेस’ हे वाक्य कौतुकाचे की उपहासाचे, हे स्वरावरूनच ठरते. स्वर लांबवल्याची खूण लेखनात ‘काऽय’ अशा अवग्रहाने, तर जोर ‘व्वा’ अशा द्वित्वाने दाखविण्याची रीत आहे. ना, बरं, हं, की, बाई यांसारखी अव्यये व उद्गार आणि अरे, अगं, अहो ही संबोधने स्वराला शब्दांची जोड देतात. बोलींच्या निरनिराळ्या हेलांमुळे मात्र गैरसमजही संभवतात. एका प्रदेशातील नेहमीचे मोकळे, चढ्या आवाजातले बोलणे दुसऱ्या प्रदेशातील श्रोत्यास भांडणासारखे वाटू शकते; कारण तो अपरिचित हेल आपल्या बोलीतील रागाच्या खुणांनी वाचत असतो.

कलांमधील उपयोग : पोवाड्यातील उंच स्वर व जलद लय वीररसास, तर अंगाईतील खालचा, संथ व आवर्ती स्वर वात्सल्यास पोषक ठरतो. कीर्तनकार एकाच आख्यानात अनेक पात्रांचे भाव स्वरभेदाने उभे करतो. हिंदुस्थानी संगीतातील ठुमरीत एकच बोल निरनिराळ्या स्वराकृतींनी सजवून त्याच्या भावछटा दाखविण्यात येतात. मराठीतील भावगीताचे तर नावच या अंगावरून पडले आहे. नभोवाणीवरील श्रुतिकेत चेहरा, वेशभूषा व नेपथ्य यांचा आधार नसल्याने पात्राचे वय, स्वभाव व भाव यांचा सगळा भार आवाजावर पडतो. पॅट्रिक युस्लिन व पेट्री लाउका यांनी २००३ साली आवाजावरील १०४ व संगीतवादनगायनावरील ४१ अभ्यासांचा आढावा घेतला. मुख्य भाव दर्शविण्यासाठी बोलणारा व कलावंत जवळपास सारख्याच ध्वनिखुणा वापरतात, असे त्यांना आढळले.

विकार व उपचार : केनेथ हाइलमन व सहकाऱ्यांनी १९७५ साली, प्रमस्तिष्काच्या उजव्या गोलार्धातील इजेमुळे इतरांच्या आवाजातील भाव ओळखणे कठीण होते, असे दाखविले. १९७९ मध्ये एलियट रॉस व मार्सेल मेसुलम यांनी, अशाच इजेनंतर भाव जाणवत असूनही तो आवाजात आणू न शकणाऱ्या दोन रुग्णांचे वर्णन केले. त्यांतील एक शिक्षिका होती. तिचे शब्द व विचार शाबूत होते. परंतु स्वरातील करारीपणा गेल्याने वर्गात शिस्त राखणे तिला अवघड झाले. नंतरच्या मेंदूप्रतिमांकनाने या कार्यात दोन्ही गोलार्धांचा सहभाग असल्याचे दाखविले असले, तरी उजव्या गोलार्धाचे महत्त्व कायम आहे.

कंपवाताच्या (पार्किन्सन रोगाच्या) रुग्णांचा आवाज क्षीण व एकसुरी होतो. त्यामुळे त्यांना कशातच रस उरलेला नाही, असा समज आप्तांमध्ये निर्माण होतो. वास्तविक भाव टिकून असतात, लोपते ते त्यांचे स्वररूप. मोठ्याने बोलण्याच्या नियमित सरावावर आधारलेल्या उपचारांनी अशा रुग्णांना लाभ होतो. कर्णशंखात विद्युत् उपकरण बसविलेल्या बधिर व्यक्तींना शब्द समजू लागतात. परंतु उपकरणातून तारतेचे सूक्ष्म भेद नीट पोहोचत नसल्याने स्वरातील भाव ओळखणे त्यांना जड जाते. या सर्व व्यक्तींशी बोलताना भाव शब्दांतून स्पष्टपणे सांगणे व विचारणे हितावह ठरते.

यांत्रिक परीक्षण व मर्यादा : आवाजावरून संगणकाद्वारे भाव ओळखण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या अखेरीपासून वाढले. त्यासाठी भावनिहाय वर्गीकृत ध्वनिमुद्रणांचे संग्रह तयार करण्यात येतात. खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तेलुगू संग्रहात आकाशवाणीच्या विजयवाडा केंद्रातील १० कलावंतांनी आठ भावांत उच्चारलेली १२,००० वाक्ये आहेत. अशा संग्रहांवर शिकविलेले संगणक तशाच अभिनीत आवाजांचे वर्गीकरण चांगले करतात. नित्याच्या बोलण्यात मात्र भाव संमिश्र, दबलेले व प्रसंगसापेक्ष असल्याने त्यांचे यश बरेच घटते. भाषा, बोली, वय, घशाचे विकार व शारीरिक थकवा यांमुळे होणारे बदल भावनेचे समजले जाण्याचाही धोका असतो.

आवाजातील ताणावरून असत्य ओळखण्याचा दावा करणारी उपकरणे काही देशांत पोलीस तपासासाठी वापरण्यात आली. तथापि अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ सालच्या अहवालात अशा उपकरणांच्या दाव्यास शास्त्रीय आधार अत्यल्प असल्याचे नमूद केले. निरपराध माणसाचा आवाजही चौकशीच्या भीतीने कापतो आणि सराईत माणूस खोटे सांगतानाही स्वर स्थिर ठेवू शकतो, ही यातील मूलभूत अडचण आहे. यूरोपीय संघाच्या २०२४ मधील कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक अधिनियमाने कामाची ठिकाणे व शिक्षणसंस्था यांत, वैद्यकीय व सुरक्षाविषयक कारणे वगळता, व्यक्तीच्या आवाजादी शारीरिक लक्षणांवरून तिच्या भावना अनुमानित करणाऱ्या प्रणालींस मनाई केली असून ती तरतूद २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. कृत्रिम आवाजनिर्मितीच्या साधनांनी एखाद्या परिचित व्यक्तीच्या आवाजातील घाबरा वा रडवेला स्वरही बनविता येऊ लागल्याने, केवळ स्वरावर विसंबून पैसे देणे किंवा तातडीचा निर्णय घेणे धोक्याचे ठरले आहे.

सारांश, आवाजावरून भावाची तीव्रता बऱ्याच खात्रीने, त्याचा प्रकार काही अंशी, तर त्याचा खरेखोटेपणा फारच थोड्या प्रमाणात कळू शकतो. आवाजाचा अर्थ लावताना शब्द, मुद्रा, प्रसंग, बोलीची रीत आणि त्या व्यक्तीचा नेहमीचा स्वर यांची सांगड घालणे आवश्यक असते. दैनंदिन व्यवहारात माणसे हे सहजपणे करीत असतात; वैद्यकीय निदान, न्यायदान व नोकरीतील पारख यांसारख्या क्षेत्रांत ते जाणीवपूर्वक करावे लागते.